पदार्थविज्ञान शिकलेले पोर दवाखान्यालाही हवे

दुसऱ्या पी.यू.सी.चा किंवा बारावीचा निकाल लागला की आपल्या गावांतून दर वर्षी तीच चर्चा ऐकू येते. विज्ञानात चांगले गुण पडले, म्हणजे पोराला डॉक्टर करायचे. नीटच्या परीक्षेत क्रमांक मागे राहिला, की मग मॅनेजमेंटच्या जागेचा हिशेब सुरू होतो. माळाचा तुकडा विकावा, की सोसायटीचे कर्ज वाढवावे, की मामाकडे हात पसरावा? आणि यातले काहीच जमले नाही, तर हुशार पोराकडेही घरचे लोक हरलेल्यासारखे पाहू लागतात.

आम्हांस वाटते की या घाईत एक चांगली वाट आपल्या नजरेआड होते. पदार्थविज्ञान, ज्याला कॉलेजात फिजिक्स म्हणतात, ते मन लावून शिकावे आणि माणसाच्या शरीराच्या व उपचाराच्या कामी लावावे. ही डॉक्टरकीची उष्टी पत्रावळ नव्हे. ते स्वतंत्र काम आहे, आणि सेवेचे आहे. आपल्या ख्रिस्ती कॉलेजांनी ते शिकवावे आणि आपल्या शेतकरी घरांनी त्याचा मान ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दवाखान्यात फिजिक्सचे काय काम?

असे विचारणाऱ्याने पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर भोवती नीट पाहावे. छातीचा फोटो ज्या क्ष-किरणांनी निघतो, ते 1895 साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी शोधले. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. हृदयाचा आलेख काढणारे ई.सी.जी. यंत्र म्हणजे हृदयातल्या अतिसूक्ष्म विजेचे मोजमाप. सोनोग्राफी म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा पडसाद. एम.आर.आय. म्हणजे मोठे लोहचुंबक आणि रेडिओच्या लहरी. डॉक्टर या यंत्रांवरून रोगाचे निदान करतात. पण यंत्र खरे बोलते की खोटे, हे तपासणारा माणूस फिजिक्स जाणणारा लागतो.

कोविडच्या दिवसांत, 2020 आणि 2021 साली, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघर आला. त्या चिमट्यातून तांबडा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून पार जातो. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषते, त्यावरून आकडा निघतो. ही युक्ती 1970 नंतरच्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी काढली. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते.

याच चिमट्याची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. 2020 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की रक्तातला प्राणवायू खरोखर उतरलेला असताना चिमटा मात्र ‘ठीक आहे’ असे सांगतो, हे कृष्णवर्णी रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा घडले. कातडीच्या रंगाने प्रकाश अडतो, हे त्याचे कारण मानले जाते. आता उन्हात राबून करपलेल्या आपल्या हातांवर असली यंत्रे बरोबर चालतात की नाही, हे कोणी तपासायचे? ज्याच्या घरात तसे हात आहेत, त्या पोराला हा प्रश्न आधी सुचेल, असे आम्हांस वाटते.

कंदील आणि कोबाल्ट

कर्करोगावर किरणांचा उपचार होतो, हे आपण ऐकतो. त्या खोलीच्या मागे ‘मेडिकल फिजिसिस्ट’ नावाचा एक माणूस बसलेला असतो. रोग्याचे नातेवाईक त्याला बहुधा ओळखत नाहीत. किरण किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. ते बरोबर त्याच जागी, बरोबर तेवढेच पडतील आणि शेजारच्या निरोगी भागाला कमीत कमी झळ लागेल, याचा हिशेब हा माणूस करतो. रोजचा उपचार सुरू होण्यापूर्वी यंत्राची तपासणीही त्याच्याच देखरेखीखाली होते.

हा हिशेब शेतकऱ्याला परका नाही. रात्री पाणी सोडायला कंदील घेऊन जाताना आपण पाहतो, की अंतर वाढले की उजेड झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट झाले तर एकाच जागी पडणारा उजेड निम्मा राहत नाही, चौथा हिस्सा राहतो. किरणांनाही साधारण हाच नियम लागू पडतो. म्हणून रोग्याचे अंतर मोजण्यात थोडी चूक झाली तरी मात्रा बदलते.

कोबाल्ट यंत्राची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या कोबाल्ट-60 चा जोर सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. म्हणजे दर महिन्याला साधारण एक टक्का कमी. नव्या कोबाल्टने जी मात्रा दोन मिनिटांत मिळते, तिला सव्वापाच वर्षांनी चार मिनिटे लागतात. हिशेब ठेवणारा नसेल तर रोगी रोज येईल, टेबलावर झोपेल, घरी जाईल, आणि त्याला उपचार मात्र अपुरा मिळेल. बियाणे जुने झाले की उगवण घटते, म्हणून आपण पेरा वाढवतो. तसेच हे आहे, फक्त इथे चुकले तर माणूस जातो.

निष्काळजीपणा काय करतो, हे 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. एका विद्यापीठातले जुने उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-60 होते. ज्यांनी ते फोडले त्यांना कशाची कल्पना नव्हती. अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. गरीब मजुरांनी विद्वानांच्या चुकीची किंमत भरली. असे प्रसंग टाळण्यासाठीही हे शास्त्र जाणणारी आणि अंतःकरण असलेली माणसे हवीत.

वेलोरचा धडा

फिजिक्स आणि ख्रिस्ती सेवा यांची गाठ कशी पडते, हे पाहायचे तर तामिळनाडूतील वेलोरकडे पाहावे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा उगम डॉ. आयडा स्कडर यांनी 1900 साली सुरू केलेल्या छोट्याशा दवाखान्यात आहे. 1918 साली त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. ही संस्था कॅथलिक नव्हे. अनेक ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून ती उभी ठेवली आहे. आज तेथे मेडिकल फिजिक्सची एम.एस्सी. शिकवली जाते आणि बायोइंजिनिअरिंगचा विभागही आहे.

याच वेलोरला 1946 साली डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात, पायांना जखमा पडतात, कारण त्यांचे मांसच सडके असते, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सोबत्यांनी बारकाईने पाहिले. त्यांना आढळले की मांस चांगले आहे, बधिरता हे खरे कारण आहे. वेदना कळत नाही, म्हणून रोगी त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत चालतो, आणि तळवा आतून चिरडला जातो.

आता हा प्रश्न औषधाचा कमी आणि दाबाचा जास्त झाला. दाब म्हणजे काय? वजन भागिले जागा. विळ्याची धार का कापते आणि पाठ का कापत नाही, याचे उत्तर तेच. तळव्याच्या एका हाडाखाली एकवटलेले वजन साऱ्या तळव्यावर पसरले, तर जखम होणार नाही. या विचारातून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार झाल्या. शाळेतला फिजिक्सचा धडा हजारो पाय वाचवू शकला.

आपल्यांतील मधुमेही वाचकांनी येथे थोडे थांबावे. जुन्या मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. अनवाणी शेतात जाऊ नये, रात्री झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत, चप्पल आतून मऊ असावी. दुखत नाही म्हणून जखम नाही, असे समजू नये.

वाट कोणती, आणि किती लांब

उत्साहात कोणी फसू नये म्हणून स्पष्ट लिहितो. मेडिकल फिजिसिस्ट होण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, फिजिक्स मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. आणि मग मेडिकल फिजिक्सची पदव्युत्तर पदवी. दुसरा, फिजिक्सची एम.एस्सी. करून त्यावर रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा डिप्लोमा. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र असा डिप्लोमा 1962 पासून देत आले आहे. दोन्ही मार्गांत मान्यताप्राप्त किरणोपचार विभागात निदान एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. ही सारी पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ‘आपल्या अभ्यासक्रमाला या मंडळाची मान्यता आहे काय?’ हा एक प्रश्न कॉलेजला जरूर विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर परत फिरावे.

यंत्रे बनवण्या-दुरुस्त करण्याची आवड असेल, तर बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअरिंग हा वेगळा रस्ता. त्यांच्यासाठी मद्रासचे आय.आय.टी., वेलोरचे कॉलेज आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगची एम.टेक. चालवतात. क्ष-किरण फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम याहून लहान असतो. तेही काम मोलाचे, पण ते निराळे. तिन्ही एकच समजून प्रवेश घेऊ नये. आणि एक सूचना पालकांना: डॉक्टरच व्हायचे म्हणून पी.यू.सी.ला गणित सोडू देऊ नका. गणित सुटले की बहुतेक ठिकाणी फिजिक्सचे दार बंद होते.

पहिल्या पदवीसाठी दूर जावे लागेलच असे नाही. मुंबईचे सेंट झेवियर (1869), मंगळूरचे सेंट अलोशियस (1880), बंगळूरचे सेंट जोसेफ (1882) ही आपल्या परंपरेतील जुनी नावे. जवळच्या सरकारी कॉलेजातही फिजिक्स तेच असते.

पाटीवरचे नाव पुरे नाही

मग ख्रिस्ती कॉलेजात शिकल्याने वेगळे काय? आमचे मत असे, की पाटीवर संताचे नाव असून काही होत नाही. ज्या कॉलेजात फिजिक्सच्या विद्यार्थ्याला वर्षातून काही दिवस मिशनच्या दवाखान्यात नेले जाते, बंद पडलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उघडून दाखवला जातो, धुळीने भरलेली जाळी साफ केल्यावर रोग्याचा श्वास कसा सुधारतो हे त्याला डोळ्यांनी पाहू दिले जाते, ते कॉलेज ख्रिस्ती. आपल्याकडे कॉलेजे आहेत आणि सिस्टरांचे दवाखानेही आहेत. या दोघांनी एकमेकांचे दार अजून पुरेसे ठोठावलेले नाही. प्राचार्य फादरांनी हे मनावर घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

काही आक्षेप आम्ही ऐकतो. पोर शहरात जाईल, शेती कोण करील? खरे आहे, किरणोपचाराची केंद्रे शहरांतच आहेत, आणि नोकरी तिकडेच मिळेल. पण जमीन विकून डॉक्टर झालेला मुलगाही गावात राहतोच असे नाही. निदान या वाटेत जमीन तरी शाबूत राहते. दुसरा आक्षेप मुलींविषयी: फिजिक्स शिकून ती काय करणार? पहिल्या महायुद्धात, 1914 पासून, मेरी क्युरी यांनी मोटारीत क्ष-किरण यंत्रे बसवून ती आघाडीजवळच्या इस्पितळांत नेली. मुलगी इरेनही त्या कामात होती, तेव्हा ती विशीसुद्धा ओलांडलेली नव्हती. यापुढे आणखी उत्तर द्यावे असे आम्हांस वाटत नाही.

तिसरा आक्षेप मानाचा. डॉक्टरला लोक नमस्कार करतात, याला कोण ओळखणार? बरोबर आहे, कमी लोक ओळखतील. कालव्याचे दार वेळेवर उघडणाऱ्यालाही कोणी हार घालत नाही, पण तो नसला की शेते वाळतात.

म्हणून या निकालाच्या दिवसांत आमचे सांगणे थोडके आहे. जे पोर पंपाचा स्टार्टर स्वतः उघडून बघते, वायर का तापली म्हणून विचारते, त्याला गप्प बसवू नका. सातबारा किंवा उतारा घेऊन बँकेत जाण्यापूर्वी एकदा शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे जा. धर्मग्रामाच्या सणाच्या खर्चातून थोडे वाचवून अशा एका तरी मुलाच्या किंवा मुलीच्या पुस्तकांची व वसतिगृहाची सोय होऊ शकेल काय, हे पंचमंडळाने येत्या बैठकीत ठरवावे. अर्ज करण्याच्या तारखा थांबत नाहीत.