यंत्राचा स्मृतिभ्रंश

घरांतील संगणक खेळतां खेळतां बंद पडूं लागला, कीं त्याचा न्यायनिवाडा बहुतेक घरांतून जागच्या जागीं होतो. काकांचे हिशेब, वहिनींचें कचेरीचें काम हीं दिवसभर बिनबोभाट चालतात. रात्रीं चिरंजीव खेळावयास बसले कीं निळा पडदा येऊन (विंडोज ११ मध्यें २०२५ पासून तो काळा झाला आहे) यंत्र आपोआप पुन्हां सुरू होतें. तेव्हां दोष खेळाचा, आणि खेळणाराचाहि, हें ठरलेंच! आमच्या मतें आरोपीची बाजू ऐकल्यावांचून दिलेला हा निकाल आहे.

संगणकाची तात्पुरती स्मृति, जिला रॅम म्हणतात, ती पट्ट्यांच्या रूपानें बसविलेली असते. रॉबर्ट डेनार्ड यांस १९६८ सालीं जिचें पेटंट मिळालें, तीच रचना आजहि तिच्या मुळाशीं आहे. प्रत्येक कोठींत अत्यल्प विद्युत् सांठविलेली असते व ती गळत असल्यामुळें सेकंदांतून अनेक वेळां पुन्हां भरावी लागते. अशा अब्जावधि कोठ्यांतून एखादी सदोष निघाली, तर हिशेबाच्या कामाशीं तिची गांठ न पडण्याचाच संभव अधिक. कारण त्यास रॅमचा थोडकाच भाग पुरतो. मोठा खेळ मात्र रॅमचा बराच भाग व्यापतो आणि ती कोठी त्याच्या वांट्यास येते. दोष उघडकीस आणला, एवढाच खेळाचा अपराध.

दर वेळीं पडद्यावरील संदेश निराळा असेल, आज एक खेळ तर उद्यां दुसराच बंद पडत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. एकाच खेळांत, एकाच जागीं अडत असेल तर तो बहुधा त्या खेळाचा प्रश्न.

परंतु खरें भय याहून निराळें आहे. यंत्र बंद पडतें हें एका परीनें बरेंच म्हणावयाचें. घरांतील छायाचित्रें, हिशेब, लग्नाची चित्रफीत यांची प्रत करतांना तीं त्याच रॅममधून जातात, आणि चुकलेला अंक निमूटपणें डिस्कवर लिहिला जातो. त्याचा पत्ता कदाचित् वर्षानें लागतो. यास्तव अशा यंत्रावर विंडोज नव्यानें घालण्याची, किंवा जुन्या चांगल्या प्रतीवर नवी प्रत चढविण्याची घाई करूं नये. जुनी प्रत कपाटांतच राहूं द्यावी व आधीं रॅमची परीक्षा घ्यावी.

शाळेंत आम्ही धडा देऊन तोच उलट म्हणवून घेत असूं. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम तेंच करतो. तो पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्यापूर्वींच चालवावयाचा. तो कोठीकोठींत ठराविक अंक लिहितो, पुन्हां वाचतो, क्रम उलटतो, शेजारच्या कोठ्या बदलून परत पाहतो. पदांची उलटापालट करून पाठ शुद्ध राखणाऱ्या जटा-घन पाठांची आम्हांस येथें आठवण झाली. चार फेऱ्यांस रात्र गेली तरी जाऊं द्यावी. शंभरांत नव्याण्णव गुणांस शाळेंत बक्षीस मिळतें. येथें एक चूक म्हणजे नापास.

विश्वकिरणांमुळें असें व्हावयाचेंच, असें सांगणारे विद्वान् भेटतात. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या सर्व्हरांच्या अभ्यासांत वर्षाकाठीं शेंकडा आठांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्या मुख्यतः आकस्मिक नसून पट्टींतील कायमच्या दोषामुळें होत असाव्यात असें दिसून आलें. तेव्हां किरणांवर हवाला ठेवून स्वस्थ बसण्यांत अर्थ नाहीं.

तथापि चूक दिसतांच पट्टी फेकूंहि नये. पट्टीवर छापलेला ६००० सारखा वेग बहुधा बायोसमध्यें एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्यावरच मिळतो, आणि प्रोसेसरची मान्य मर्यादा त्याहून कमी असूं शकते. एएमडीच्या डेस्कटॉपवरील रायझन ७००० मालिकेस दोन पट्ट्यांवर ५२०० आणि चार पट्ट्यांवर केवळ ३६०० एवढाच वेग कंपनीस मान्य आहे. रॅम वाढविण्यासाठीं आणखी दोन पट्ट्या बसविल्यापासून दुखणें लागलें असेल, तर चारी पट्ट्या निर्दोष असूनहि हा प्रकार संभवतो. म्हणून ती सोय बंद करून पुन्हां परीक्षा घ्यावी. चुका थांबल्या तर खेळ किंचित् मंदावेल, तो मंदावूं द्यावा.

न थांबल्यास यंत्राची वायर भिंतींतून काढावी, कॅबिनेटच्या धातूस हात लावावा आणि एकेक पट्टी एकाच खांचेंत घालून तपासावी. एकच पट्टी नापास होत असेल तर ती पट्टी सदोष. सर्वच होत असतील तर खांच, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. जोडी म्हणून घेतलेल्या पट्ट्या हमींत परत देतांना दोन्ही द्याव्या, म्हणजे बदल्यांत जुळती जोडी मिळते. पावती बहुधा काकांच्याच फायलींत सांपडेल. त्या दिवशीं चहा मात्र चिरंजीवांनीं करावा.