झोपेचे सोंग

झोप या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे. वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला तो कोणीही देईल. तेव्हा आमच्या घरच्या संगणकाच्या झोपेचा निवाडा मीच करणार.

आम्ही चंद्रपूरचे. इथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. इथली वीज १९९९ पासून ७५२ किलोमीटर तारेवरून पार पडघ्याला, म्हणजे मुंबईच्या दारात जाते. आमच्या टेबलावरच्या खोक्याला मात्र त्यातली चिमूटभर वाचवता येत नाही!

भाच्यानं त्यावर लिनक्स घालून दिलं. फुकट, म्हणून मी लगेच मान डोलावली. पण झोपवलं, की रस्त्यानं कोळशाचा ट्रक जायचा, टेबल हलायचं, माऊस सरकायचा आणि स्वारी जागी. "मामाजी, माऊसचं उठवायचं काम काढून घ्या," भाचा फोनवर म्हणाला. कोणी कोणी उठवायचं याची यादी एका फाइलीत असते. तिथं यूएसबी बंद केलं. मग ते जे झोपलं ते उठेचना. बटण दाबलं तर पंखा सुरू, पडदा काळा. शेवटी गळा दाबावा तसं बटण दाबून धरलं. आत सौभाग्यवतींनी टाइप केलेला बचत गटाचा वर्षाचा जमाखर्च होता. न साठवलेला. तीन दिवस घरात संगणकाशी आणि माझ्याशी कोणी बोललं नाही.

दुकानाचा इंजिनिअर आला. "लिनक्स ना? मग असंच होणार. विंडोज घ्या."

इथं माझं डोकं फिरलं. अहो, यंत्रानं झोपायचं-उठायचं कसं याचे नियम, ज्यांना एसीपीआय म्हणतात, ते इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ सालीच जाहीर केलेत. गुपित काही नाही. पण मदरबोर्डात भरलेली आज्ञावली विचारते, 'तू विंडोज का? कोणत्या सालचं?' आणि नाव ऐकून सरबराई ठरवते. बिचारं लिनक्स म्हणतं, 'हो, मी विंडोजच!' 'तू लिनक्स का?' विचारलं तर चक्क 'नाही' म्हणतं. चेष्टा नव्हे, त्याच्या गाभ्यातच तसं लिहिलंय. कारण बोर्ड बहुधा विंडोजवर तपासून बाजारात सोडतात. खरं नाव सांगणाऱ्याच्या नशिबी न तपासलेली वाट.

बेअरर चेक घेऊन कोणीही काउंटरवर आलं तरी मला पैसे मोजावे लागतात. घराणं कोणतं म्हणून विचारलं, तर माझी बदली सिरोंच्याला होईल. बोर्डाचे पैसे मी जीएसटीसकट मोजलेत. 'फक्त विंडोजखाली झोपेल' असं पावतीवर कुठं छापलंय? छापा की! मग मी घेणार नाही. पण नियम पाळतो म्हणायचं, अर्धेच पाळायचे आणि खापर गिऱ्हाइकाच्या फुकटेपणावर फोडायचं? आमच्याकडे अशा हिशेबाला ऑडिटर लाल शाई वापरतो.

लिनक्सवाले अगदी धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. काळा पडदा दाखवण्याऐवजी दोन शब्द बोलता आलं असतं.

शेवटी भाच्यानं गाढ झोपेऐवजी उथळ झोप लावून दिली. आता झटकन उठतं. फक्त त्या झोपेत पंखा फिरतच राहतो आणि वीजही जास्त जाते. दुपारी जेवणानंतर काउंटरवर मी घेतो, तीच ही झोप.

बचत गटाचा जमाखर्च सौभाग्यवतींनी पुन्हा लिहिला. वहीत. संगणक शेजारी घोरत होता.