प्रशिक्षण की हजेरीपट?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत 'प्रशिक्षण' म्हटले की गावकऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? तालुक्याचे सभागृह, मंचावर साहेब, दोन तासांचे भाषण, जेवण आणि हजेरीपटावर सही किंवा अंगठा. संध्याकाळी अहवाल तयार होतो : इतके लोक प्रशिक्षित झाले! परंतु त्या माणसाला दुसऱ्या दिवशी गावात जाऊन काय करता येऊ लागले, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक प्रशिक्षणाची आखणी याच प्रश्नापासून सुरू व्हायला पाहिजे.

वनहक्क कायद्याचेच उदाहरण घ्या. कायदा २००६ सालचा, नियम २००८ सालचे. दाव्याची तपासणी, जागेची पाहणी, नकाशा आणि पुरावे ही सारी जबाबदारी ग्रामसभेच्या वनहक्क समितीवर आहे. दाव्यासोबत किमान दोन पुरावे लागतात. आदिवासी नसलेल्या, म्हणजे बौद्ध व इतर मागासवर्गीय वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी ७५ वर्षांपूर्वीचा कागद कोठून आणावा? कायद्याने यावर उत्तर दिलेले आहे. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी बयान हाही पुरावाच आहे. शिवाय कायदा ७५ वर्षांचे वास्तव्य मागतो, त्याच तुकड्यावरचा ७५ वर्षांचा ताबा मागत नाही. पण हे बयान कसे लिहायचे, त्यात काय आले पाहिजे, हे समितीच्या सदस्याला येते काय? येत नसेल तर फाईल अपुरी जाते आणि दावा नामंजूर होतो. अपिलाचे ६० दिवस निघून जातात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे नामंजूर झालेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्यास स्थगिती मिळाली, म्हणून घरे वाचली. फसलेल्या प्रशिक्षणाची किंमत घर आणि शेत एवढी असू शकते.

मग चांगले प्रशिक्षण कसे असते? त्यासाठी परदेशी पुस्तके चाळण्याची गरज नाही, उत्तर गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, आणि त्यापुढच्या वर्षाच्या आतील बाळाचा पन्नास किंवा अधिक, तर धोका. पण गावातल्या सुईणींना बारापर्यंतच मोजता येत होते. तेव्हा 'या अडाणी आहेत, यांना शिकवून उपयोग नाही' असे कोणी म्हटले नाही. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असलेले साधे यंत्र तयार झाले. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, की न्यूमोनिया समजायचा. सुईणीला जे येत होते त्यावरच शिकवण्याची उभारणी केली गेली.

पुढे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले गेले. प्रत्येक काम पायरीपायरीने, हाताने करून, आणि नंतर गावात जाऊन तपासणी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून हीच पद्धत देशभरातील 'आशा' कार्यकर्त्यांसाठी स्वीकारली गेली.

वनहक्क समितीच्या शिबिराला हीच रीत का लागू होऊ नये? आधी ठरवा, शिबिराहून परतलेल्या सदस्याला कोणते काम आलेच पाहिजे. समजा, वडीलधाऱ्याचे बयान लिहिणे. मग ते आले की नाही हे कसे पाहणार, ते ठरवा : प्रत्येकाने एक बयान लिहून दाखवावे. त्यानंतर त्याला आज काय येते ते पाहा. भामरागडचा सदस्य माडिया बोलतो, जिवतीचा कोलामी, तर त्यांच्याच भाषेत समजावणारा माणूस हवा. ज्याला लिहिता येत नाही, त्याला प्रश्न विचारण्याचे आणि साक्षीदार शोधण्याचे काम शिकवा, लिहिणारा दुसरा राहील. भाषण अर्ध्या तासाचे, सराव दिवसभराचा. आणि महिन्याभराने गावात जाऊन खरी फाईल उघडून पाहा. सदस्याची फाईल अपुरी निघाली, तर आधी शिकवणारा नापास झाला असे समजावे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो एका दिवसाच्या शिबिराने नव्हे. त्यामागे गावाच्या अभ्यासगटाची वर्षानुवर्षांची बैठक होती.

जिल्हा प्रशासनाने किती लोक आले हे सांगणे थांबवावे आणि किती समित्यांच्या फाईली पूर्ण निघाल्या हे जाहीर करावे. चळवळीच्या शिबिरांनीही हाच निकष स्वतःला लावावा. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करताना बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले, ते माणूस स्वतःच्या हक्कासाठी स्वतः उभा राहावा म्हणून. प्रमाणपत्र भिंतीवर आणि जमीन वनखात्याकडे, अशा प्रशिक्षणाला आपल्या माणसांनी आता सही देऊ नये!