बेक केलेला डोनट आणि पथ्याची पळवाट

हल्ली एक वाक्य फार कानावर येतं. "तळलेलं नाही हो, बेक केलंय!" आधी चकली बेक झाली, मग शेव, मग करंजी, आणि आता डोनट. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव असतो की वाटावं, पदार्थ ओव्हनमधून नाही तर काशीहून आणलाय!

आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. डोनटशी भांडण नाही. डोनट मी घरी करते. सत्तरी ओलांडल्यावर शिकले, नातवंडांसाठी. यीस्ट फुलवते, मैदा मळते, वाटीने गोल कापते आणि ओव्हनमध्ये भाजते. धामापुरात माझ्या घरचे डोनट खाल्लेली पोरं बरीच आहेत. त्यामुळे म्हातारीला नवीन पदार्थ बघवत नाही, असं कृपा करून म्हणू नका. माझा राग आहे तो 'बेक केला की पथ्याचा झाला' या समजुतीवर.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून आधी व्याकरण. 'भाजलेला', 'तळलेला', 'उकडलेला' ही धातुसाधित विशेषणं. पदार्थाचं काय केलं, एवढंच ती सांगतात. पदार्थ कसा आहे, कोणाला सोसेल, किती खावा, हे सांगण्याचं त्यांचं काम नाही. उकडीचा मोदक उकडलेला असतो, म्हणून मधुमेहाच्या माणसाने अकरा खावेत असं कोणी म्हणत नाही. मग भाजलेल्या डोनटलाच ही सवलत का?

डोनट मुळात तळणीचाच. डच लोक अमेरिकेत गेले तेव्हा पिठाचे गोळे चरबीत तळून करत, त्याला ते ओलीकूक म्हणत, म्हणजे तेलातला केक. मधल्या भोकाची गोष्टही गमतीची आहे. हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकन खलाशाने १९१६ साली वर्तमानपत्राला सांगितलं, की १८४७ मध्ये जहाजावर असताना आपण ते भोक पाडलं. गोळे कडेने तळले जात आणि मधे कच्चे राहत. मग त्याने मिरपुडीच्या डब्याच्या झाकणाने मधला भाग काढूनच टाकला! हकीकत त्याच्या तोंडची आहे, पण कारण अगदी पटणारं आहे. मधे भोक असलं की आच सगळीकडून लागते. आमच्याकडे काही घरांत वडे थापताना बोटाने मधे भोक पाडतात, तिथेही हाच उपयोग होतो.

म्हणजे तळणं काढून घेतलं की उरतो तो भोक असलेला गोड पाव. साच्यात पातळ पीठ ओतून केला असेल तर भोक असलेला केक. दोन्ही चवीला छान. फक्त पाव किंवा केक म्हटलं की आपण एक तुकडा घेतो आणि 'बेक्ड डोनट' म्हटलं की तीन घेतो. का? तर डोनट मुळात तळलेला असतो हे आपल्याला ठाऊक असतं, आणि न तळल्याबद्दल आपण स्वतःलाच बक्षीस देऊन टाकतो.

आणि भाजणं ही काही शहरातून आलेली नवी विद्या आहे असंही कोणी समजू नये. आमच्या कोकणात ओव्हन नव्हता तेव्हाही धोंडस होतंच. पिकून पिवळं पडलेलं तवसं किसायचं, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून शिजवायचं, टोपात केळीचं पान घालून त्यावर ओतायचं. खाली मंद आच, वर झाकणावर निखारे. कडा तांबूस झाल्या आणि घरभर वास सुटला की झालं. हे बेकिंगच की हो! तेलात तळलेलं नाही, मैदा नाही, यीस्ट नाही. तरीही माझ्या आईने कधी धोंडसाला पथ्याचं म्हटलं नाही. ते गोड होतं, गोड म्हणूनच वाढलं जाई, वडीएवढा तुकडा, आणि मागितलं तर आणखी एक. बस.

आता थोडं गणित, फळ्यावर मांडल्यासारखं. माझ्या दहा डोनटांचं माप असं: मैदा २५० ग्रॅम, पिठात साखर ४० ग्रॅम, पिठात लोणी ४० ग्रॅम. भाजून झाल्यावर वरून लावायला वितळलेलं लोणी ५० ग्रॅम आणि घोळवायला दालचिनीची साखर ८० ग्रॅम. वरचं लोणी-साखर टाळली तर तो डोनट कोरडा पाव लागतो, म्हणून बेक केलेल्या डोनटच्या बहुतेक कृतींत वरून काहीतरी असतंच. करा बेरीज. साखर १२० ग्रॅम, म्हणजे एका डोनटमध्ये १२. लोणी ९० ग्रॅम, म्हणजे एकात ९. मैदा २५.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेली तर आणखी चांगलं. ही दुसरी मर्यादा मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम पडते. दोन डोनट खाल्ले की २४ ग्रॅम! सकाळचा चहा अजून धरलेलाच नाही. शिवाय मैद्याची साखर पोटात होते ती वेगळीच, कारण मैद्यात कोंडा नावालाही नसतो. ओव्हनने यातलं काय कमी केलं? साखर तेवढीच, मैदा तेवढाच. कमी झालं ते तळणीचं तेल, आणि त्याच्या जागी वरून लोणी आलं.

तेलाबद्दलही नीट बोलूया. तळण वाईट असं सरसकट म्हणण्याआधी कढईत काय होतं ते बघा. तापलेल्या तेलात पीठ पडलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर धावते. ते बुडबुडे म्हणजे ती वाफ. वाफ बाहेर येत असते तोवर तेल फारसं आत शिरत नाही. बरंचसं तेल शिरतं ते पदार्थ बाहेर काढून निवायला लागल्यावर, अंगावरचं तेल आत ओढलं जातं म्हणून. यासाठीच जुन्या बायका वडा झाऱ्यावर निथळून, कढईच्या काठाशी धरून मगच काढायच्या. तेल १७५-१८० अंशाला असेल तर पदार्थ खुटखुटीत होतो, थंड असेल तर तेलकट. विश्वास नसेल तर घरी करून बघा. तळण्याआधी तेल मोजा, तळून झाल्यावर उरलेलं मोजा, वड्यांच्या संख्येने भागा. आकडा तुमच्या घरचा, वाद कोणाशी नको.

तळणीतला खरा दोष आहे पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यावर मर्यादा घातली, खराब झालेलं तेल मोजून बाद करायचं. आणि भाजलेल्या मालाचं म्हणाल तर बेकरीतल्या खारी-बिस्किटांत वर्षानुवर्षं वनस्पती तूप पडत आलं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं 'भाजलेलं आहे' म्हणून निश्चिंतपणे चहात बुडवून खाल्लं, ते काय होतं बघा!

यावर माझी भाची म्हणते, "मावशी, पण तेल कमी तर कमीच ना?" बरोबर आहे, कमी ते कमीच. लहान मुलांना घेऊन करायचं असेल तर उकळत्या तेलापेक्षा ओव्हन सुरक्षित, हेही मान्य. मी स्वतः भाजते ते मुख्यतः याच कारणाने. कढईभर तेल उरवून त्याचं काय करायचं हा प्रश्नही राहत नाही. ही सगळी चांगली कारणं आहेत. ती सांगा आणि भाजा. पण त्यावर आरोग्याचं प्रमाणपत्र चिकटवू नका.

कारण त्या प्रमाणपत्राची किंमत कोणीतरी मोजतं. माझ्या धाकट्या बहिणीला मधुमेह आहे, बरीच वर्षं. चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलं की तिच्या पानातला वडा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. "मावशी, वडे नको हं, तेलकट!" तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी यांचं जाडसर दळलेलं पीठ, साखरेचा कण नाही, सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. एक वडा आणि वाटीभर उसळ तिला नक्की नको होती का? आणि दुपारी तीच मंडळी तिच्या पुढ्यात बशी धरतात. "हा खा गं, बेक केलाय, तळलेला नाही." ती भाबडी म्हणते, "मगे आणखी एक दी." तिसराही देतात. प्रेमानेच देतात, त्यांच्या प्रेमावर मला शंका नाही. पण तिच्या रक्तातल्या साखरेला ओव्हन आणि कढई यांतला फरक कळत नाही. तीन डोनट म्हणजे ३६ ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम मैदा. वडा काढून घेऊन हे दिलं, याला पथ्य म्हणायचं?

मला वाटतं, आपल्याला पथ्य नको असतं, माफी हवी असते. आणि ती 'बेक्ड' या एका शब्दात स्वस्तात मिळते. शब्दाने वस्तू बदलत नाही हो. आमच्या धामापूरचा तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान मिळाला. आम्हाला आनंद झाला, अभिमान वाटला. पण तलावाचं पाणी आदल्या दिवशी होतं तेच दुसऱ्या दिवशी होतं. तिथे निदान मान खऱ्या वस्तूला मिळाला. इथे तर नुसतीच पाटी!

दुसरा शब्द 'घरी केलेला'. पाकिटातलं तयार मिश्रण, त्यात अंडं नि दूध, साच्यात ओतलं, वीस मिनिटांत डोनट. करा की, पण 'सगळं घरी, पहिल्यापासून' असं मिरवू नका. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, पहिल्या दोन-तीन नावांत साखर आहे का तेवढं वाचा. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कुठल्या खाण्यात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. मला ते फार आवडलं. असा एक फलक प्रत्येक स्वयंपाकघरात लावावा. घरी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुठला म्हणाल, तर साखर आपल्या हाताने मोजावी लागते. ४० ग्रॅम साखर वाटीत दिसली की माणूस आपोआप शहाणा होतो. पाकिटात ती दिसत नाही.

ज्यांना खरंच पहिल्यापासून करायचे आहेत त्यांच्यासाठी उरलेली कृती. १२० मिलिलिटर दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट, फार गरम झालं तर यीस्ट मरतं. त्यात ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक अंडं, वरच्या मापाचा मैदा आणि साखर, अर्धा चमचा मीठ, किसलेलं जायफळ. पीठ चिकट होईल, घाबरून मैदा घालत सुटू नका. दहा-बारा मिनिटं मळा, लोणी शेवटी थोडं थोडं घाला. दुप्पट फुलायला आमच्या उकाड्यात तास पुरतो, थंडीत जास्त. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा, आंबोळीच्या पिठाकडे बघतो तसं. मग अर्धा इंच जाड लाटून वाटीने कापा, बाटलीच्या झाकणाने मधलं भोक. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा. १९० अंशाला दहा-बारा मिनिटं, फिकट सोनेरी झाले की काढा, जास्त ठेवले तर टोस्ट होतील. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी राठ होतात. आणि पावसात लाईटचा भरवसा नसेल तर पीठ फुलवायला ठेवण्याआधी देवाचं नाव घ्या! वरची साखर मी आता ८० ऐवजी ४० घेते, अर्ध्याच बाजूला घोळवते. पोरांना फरक कळत नाही.

असो. माझं मागणं लहानसं आहे. डोनट करा, भाजा नाहीतर तळा. पण पुढ्यात ठेवताना 'गोड आहे, एक घे' एवढंच म्हणा. येत्या चतुर्थीला माझ्या घरी येणाऱ्या सर्व भाचे-पुतण्यांनी याची नोंद घ्यावी. मावशीच्या पानात वडा मी वाढणार आहे, आणि डोनट मी मोजून देणार आहे.