जिन्याखालची सायकल

आमच्या जिन्याखाली तीन वर्षांपासून गिअरची एक सायकल पडून होती. मुलाने दहावीत हट्टाने घेतलेली. तो शिकायला बाहेरगावी गेला, सायकलीवर धूळ बसली, चेन गंजली. भंगारवाल्याला देऊन टाकू, असे आम्ही ठरवून टाकले होते.

त्याच सुमारास अब्बांची सायकल सुटली. उभी हयात त्यांनी गेवराईच्या बाजारात उंच काळ्या सायकलीवर काढली. आता पाय दांड्यावरून जाईना. एकदा दारातच पडले आणि आम्ही सर्वांनी मिळून सायकल बंद केली. भाजी आणायची तरी कुणाच्या मोटारसायकलीची वाट पाहत ओट्यावर बसायचे. फजरला कुणाची झोप मोडायला नको म्हणून घरातच नमाज पढू लागले. तक्रार एका शब्दाने केली नाही. तेच आम्हाला जास्त लागले.

सुट्टीत आलेला मुलगा म्हणाला, "दादाजानसाठी हिचीच क्रूझर करू या."

क्रूझर म्हणजे जाड टायरची, रुंद सीटची, ताठ बसून निवांत चालवायची सायकल. अमेरिकेत शिकागोच्या श्विन कंपनीने 1933 साली जाड फुगीर टायर आणले आणि तिथून हा प्रकार रुजला. पुढे 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरे तसल्याच जुन्या सायकली डोंगरउतारावरून पळवू लागली. त्यातूनच माउंटन बाईक जन्मली. म्हणजे आम्ही नातीला आजीचे कपडे घालणार होतो!

बाजारातल्या मिस्त्रीने आधी रंग खरवडून फ्रेमचे सांधे पाहिले. जोडाला बारीक चीर असती तर काम तिथेच थांबले असते. कुणीतरी सुचवले, दांडा कापून खाली जोडा. मिस्त्रीने साफ नकार दिला. त्या दांड्यावरच फ्रेमचा जोर असतो. आमचा दांडा मुळातच उतरता होता, सायकल थोडी कलती केली की अब्बांचा पाय सहज पलीकडे जाई.

पुढचा शॉकअप गंजला होता. त्याच्या जागी साधा चिमटा बसवला, पण उंचीने तेवढाच. आखूड बसवला तर सायकल पुढे झुकते आणि हँडल बिचकते. गिअर काढले. पुढे 36 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे, म्हणजे साधारण चार मीटर. मागच्या चाकाची खाच लांब होती, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणता आली. खाच आखूड असेल तर चेन ताणणारी छोटी चक्री लावावी लागते. गुळगुळीत 26 इंची टायर, स्प्रिंगची सीट, मडगार्ड, चेनकव्हर, आणि अंधारासाठी पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर.

चूक झाली ती आमची. मागे वळलेले उंच हँडल लावले, पण ब्रेकच्या तारा जुन्याच ठेवल्या. हँडल वळवले की तार ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागे. बरे की आधी मुलाने चालवून पाहिली. लांब तारा आणि नवे रबर टाकले. सीटही हौसेने फार खाली केली होती, तर अब्बांचे गुडघे दुखू लागले. माउंटन बाईकचे पायडल सीटच्या जवळपास खालीच असते, त्यामुळे खऱ्या क्रूझरसारखे पाय पुढे पसरत नाहीत. शेवटी फक्त चवडे टेकतील इतकी सीट वर घेतली.

घरात अशी सायकल असेल तर आधी फ्रेम तपासा, मग खर्चाचा हिशेब मांडा. नव्या सायकलीइतकाच पैसा लागत असेल तर ती काटकसर नव्हे, इस्राफच. ब्रेकवर मात्र पैसा वाचवू नका.

महामार्गावर न्यायची नाही, ही अट अब्बांनी हसत कबूल केली.

परवा अजानच्या आवाजाने आम्हाला जाग आली. सवयीने अब्बांच्या खोलीत डोकावलो. अंथरूण घडी करून ठेवलेले. बाहेर आलो, तर दारात सायकल नव्हती.