जिन्यातला दिवा

दिवाळीच्या दिवसांत घरोघरच्या दिव्यांवर पुष्कळ लिहिले जाते. आज मी ज्या दिव्याविषयी लिहिणार आहे, तो कोणाच्याच घरातला नाही. तो जिन्यातला आहे. भाड्याच्या घरात ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्या वाचकांना त्याची योग्यता मी सांगायला नको. खोल्या ज्याच्या त्याच्या असतात. जिना मात्र सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नसतो.

पुण्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे आहेत. जिना अरुंद, पायऱ्या उंच. दिवस मावळला की पायाखालचे काही दिसत नाही. पूर्वी या जिन्याला वर एक आणि खाली एक अशी दोन बटणे होती. दोहोंमध्ये तारांची जोडी अशी फिरवलेली, की दिवा खालून लावावा आणि वर जाऊन मालवावा. योजना नामी होती. फक्त तिचा पूर्वार्ध सर्वांच्या लक्षात राही आणि उत्तरार्ध कोणाच्याच राहत नसे. सकाळी दहाच्या उन्हात साठ वॅटचा बल्ब जळत असे, आणि त्याची वीज खालच्या एका बिऱ्हाडाच्या मीटरमधून जात असे! ते गृहस्थ मग रागाने रात्री नऊलाच दिवा मालवीत. त्यावरून जी भांडणे होत, ती मी इथे लिहीत नाही. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात.

शेवटी मी मालकांपुढे कायदा उघडला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम २९. पाण्याबरोबर वाटेतले आणि जिन्यातले दिवेही त्यात अत्यावश्यक सेवा म्हणून मोजले आहेत, आणि योग्य कारणावाचून मालकाला त्या तोडता येत नाहीत. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातही ही तरतूद होती. मालक समंजस निघाले. त्यांनी जिन्यासाठी स्वतंत्र मीटर घेतले, नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे आणले, आणि एकच अट घातली : दिवा उगाच जळता कामा नये.

त्यावर मी टायमर सुचवला. घड्याळासारखी तबकडी, तिच्या कडेला ९६ बारीक खुंट्या. एक खुंटी म्हणजे पाव तास. जितक्या खुंट्या दाबाल तितका वेळ दिवा जळेल. वायरमनने आधी मेन बंद केला, फेजची तार टायमरमधून फिरवली, न्यूट्रलची सरळ दिव्याकडे नेली. मग तो म्हणाला, “सर, बाजूला एक साधं बटण ठेवतो. टायमर अडला तर हाताने लावता येईल.”

मी म्हणालो, “मुळीच नको. बटण आलं की हात आले, आणि हात आले की भांडणं आली.” जुनी दोन्ही बटणे मी समोर उभे राहून काढून घेतली.

संध्याकाळी सहा ते रात्री अकरा आणि पहाटे पाच ते सहा, अशी वेळ मीच ठरवली. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास. म्हणून ऋतुमानाप्रमाणे खुंट्याही मीच बदलीत असे. भांडणे थांबली. मला वाड्यात मान मिळू लागला. मी तो नम्रपणे घेत असे.

मग तो गुरुवार आला. दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते दोन वीज बंद होती. त्या टायमरला बॅटरी नव्हती. त्याची तबकडी विजेवर फिरणारी. वीज थांबली की त्याचा काळही थांबे. दोन वाजता तो जागा झाला तेव्हा त्याच्या मते दहाच वाजले होते. संध्याकाळचे सहा झाले, सात झाले, जिन्यात अंधार. साडेसातला वरच्या मजल्यावरच्या काकू खाली निघाल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी; मोबाइलचा उजेड धरायला तिसरा हात कुठून आणायचा? शेवटच्या तीन पायऱ्या चुकल्या आणि मनगट मोडले.

रात्री आम्ही त्यांना प्लॅस्टर घालून आणले. दाराशी रिक्षा थांबली आणि बरोबर दहाच्या ठोक्याला जिन्यातला दिवा आपोआप लागला. त्या उजेडात मला काकूंच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अहो सर, पूर्वी दिवा विझलेला दिसला की कोणी तरी लावायचं. शिव्या देत का होईना, पण लावायचं. काल चार जण त्या अंधारातून गेले. सगळे म्हणाले, लागेल आपोआप.”

त्या रात्री मी हिशेब मांडला. दोन्ही दिवे चोवीस तास जळले असते तरी महिन्याला तेरा युनिटे. माझ्या बंदोबस्तात सव्वातीन. म्हणजे दहा युनिटांचीही बचत नाही!

रविवारी नऊही बिऱ्हाडे जमली. कोण किती वाजता येतो-जातो, हे मी प्रथमच विचारले. तळमजल्यावरचा मुलगा घरपोच जेवणाची पाकिटे पोचवून एक वाजता येतो. मधल्या खोलीतल्या बाई पेपर टाकायला चारला निघतात. माझा दिवा नेमका त्यांच्याच वेळेला झोपत होता, आणि मला तो मान देण्यात ती दोघेही होती.

आता बॅटरीचा टायमर बसवला आहे. वीज गेली तरी त्याचे घड्याळ चालू राहते. दिवा तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत जळतो. महिन्याची युनिटे फार तर सात. आणि टायमरशेजारी एक साधे बटण आहे. ते बसवण्यासाठी वायरमनला पुन्हा बोलावले, तेव्हा तो काही बोलला नाही. मीच त्याला आधी चहा दिला.