वऱ्हाडातली जिवंत पेशी पिवळ्या पिशवीत का जावी?

शौचातून रक्त जातं, अशक्तपणा वाढतो, आणि मूळव्याध समजून महिनेच्या महिने निघून जातात. मग कोलनोस्कोपीत मोठ्या आतड्याची गाठ सापडते. घरचे नागपूर किंवा मुंबई गाठतात, नाहीतर इथंच शस्त्रक्रिया होते. काढलेल्या गाठीचं पुढे काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. आपण विचारलं पाहिजे. रुग्णाच्या संमतीने गाठीचा जिवंत अंश राखून ठेवण्याची सोय अमरावती-अकोल्यात व्हावी, ही मागणी पुढील मुद्द्यांवर उभी आहे.

१. आज जिवंत काहीच उरत नाही.
काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे जातो. निदानाला ते हवंच, पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात. तपासणीनंतर उरलेलं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातं. नियम योग्यच आहे. मात्र त्याआधी, निदानाला धक्का न लावता, पॅथॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली नखाएवढा तुकडा बाजूला काढता येतो.

२. त्या तुकड्यात घराण्याचीही माहिती असते.
आपल्या पेशींत गाठीला आवर घालणारी जनुकं असतात. त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात. आतड्याच्या बाबतीत एपीसी, टीपी५३ आणि स्मॅड४ ही त्यातली महत्त्वाची. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. रानात जागलीला दोघं असले आणि एकाचा डोळा लागला तरी पीक वाचतं. दोघंही झोपले की डुकरं शिरतात; तसंच दोन्ही प्रती बिघडल्या की गाठीला आवर राहत नाही. अमेरिकेतल्या अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून हा दोन आघातांचा विचार मांडला. १९९१ मध्ये एपीसी सापडलं आणि तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप येणाऱ्या घराण्यांचा उलगडा झाला: तिथं एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. अशा घरातल्या भावाबहिणींची वेळीच तपासणी झाली तर जीव वाचतात.

३. जिवंत पेशी बोलकी करण्याची रीत आता हाती आहे.
२००९ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकाच मूळ पेशीपासून इवलंसं आतडं वाढवलं. याला ऑर्गनॉइड म्हणतात. २०११ मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्याच्या पेशींवरही ते साधलं. पेशी जेलच्या थेंबात ठेवतात आणि त्यांना ठरावीक वाढद्रव्यं देतात. २०१५ मध्ये क्लेव्हर्स आणि सातो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे निरोगी पेशींतली जनुकं क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने एकेक करून बदलली. बदललेल्या पेशींची निवड कशी केली, ते पाहण्यासारखं आहे. वाढद्रव्यांतलं डब्ल्यूएनटी आणि आर-स्पॉन्डिन काढून घेतलं की निरोगी पेशी तगत नाहीत, एपीसी गमावलेल्या वाढतात. नॉगिन हे वाढद्रव्य काढलं की स्मॅड४ गमावलेल्या टिकतात. नटलिन नावाचं रसायन घातलं की टीपी५३ शाबूत असलेल्या थांबतात, ते गमावलेल्या वाढतच राहतात. कोणतं जनुक गेल्यावर पेशी कोणत्या बंधनातून सुटते, हे असं डोळ्यांसमोर दिसतं.

४. आपले प्रश्न आपल्याच पेशींना विचारावे लागतील.
२०२० मध्ये ऑर्गनॉइडमध्ये विशिष्ट ई. कोलाय जिवाणू पाच महिने वारंवार सोडून, ते डीएनएवर कोणती खूण उमटवतात हे शोधलं गेलं. तीच खूण काही रुग्णांच्या गाठींतही सापडली. आपल्याकडे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे, कपाशीवरची फवारणी आहे. यांचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध आहे, असा दावा मी करत नाही. पण हा प्रश्न तपासायचा तर वऱ्हाडातल्या माणसांच्या जिवंत पेशी हव्यात. त्या परदेशातल्या फ्रीझरमध्ये कुठून असणार?

५. मर्यादा लपवू नयेत.
ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, आणि प्रत्येक गाठ त्यात वाढतेच असं नाही. आजच्या रुग्णाचा उपचार त्यावर ठरवू नये. त्याच्या नावावर कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आधी कोलनोस्कोपी वाढवा, असं कोणी म्हणेल. जरूर वाढवा. रक्त जात असेल तर मूळव्याध म्हणून सोडून न देता तपासणी व्हावी, ही पहिली गरज आहेच. त्यासाठीच्या खर्चाला हात न लावता ही सोय उभी राहावी.

६. सुरुवातीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.
तुकडा योग्य द्रावणात घालून, थंड ठेवून काही तासांत पोचवावा लागतो, किंवा गोठवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवावा लागतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी हाच नायट्रोजन आपल्या खेड्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत पोचतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्याने बर्फाचा एक डबा सुखरूप जाऊ शकतो. पेशी वाढवण्याचं काम सुरुवातीला पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या संस्थेशी करार करून व्हावं आणि आपली मुलं तिथं शिकावीत.

७. संमतीशिवाय एक पेशीही नको.
१९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. जगभर वापरल्या गेल्या, विकल्याही गेल्या, आणि घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता. आपल्याकडे संमतीपत्र मराठीत असावं आणि वाचून दाखवावं. नकार दिला तर उपचारात तिळमात्र फरक पडू नये. आनुवंशिक दोष आढळला तर घरच्यांना समुपदेशन मिळावं.

८. म्हणून मागणी अशी.
अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीचं नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ यांनी मिळून प्रस्ताव करावा: एक नैतिकता समिती, एक संमतीपत्र, एक नायट्रोजन कंटेनर, एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि नीट ठेवलेली नोंदवही. दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी खर्च वाटून घ्यावा. गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा कॅन्सर रुग्णालयात आलेली माणसं राहतात. त्यांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाने या कामात पुढाकार घ्यावा. आणि आपण नागरिकांनी हा विषय आपापल्या आमदारांकडे लेखी द्यावा, त्याचं उत्तरही लेखीच मागावं.